रंगाचे तीन हात

कतारमध्ये बर्फ पडत नाही. तरीपण बर्फावरच्या मिठानं खाल्लेली चाकं बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, असं गावी सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडं बघतात. आमच्या कागलकडं पाहुणे विचारायचे, "दिनकरराव, दोहाला काय करता?" मी सांगायचो, "चाकं निवडतो." "म्हणजे टायर?" "टायर नव्हे हो, टायर ज्याच्यावर बसतो ते लोखंड. डिस्क." एवढ्यात चहा यायचा आणि विषय दुसरीकडं जायचा. मलाही बरंच वाटायचं.

या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलंय, "काका, नोकरीतले मजेशीर अनुभव लिहा." मजेशीर आहेत, नाही असं नाही. ते आधी लिहून टाकतो. मग ज्यासाठी लिहायला बसलोय ते लिहितो. जमलं तर.

तर दोहाच्या गाड्यांचं सगळं दुखणंखुपणं जिथं जातं ती सनैया, म्हणजे इंडस्ट्रियल एरिया. तिथं एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मी टायर-फिटर म्हणून लागलो आणि व्हील सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. कोणत्या गाडीला कसली चाकं घ्यायची, जुनी ठेवायची की भंगारात टाकायची, हे माझ्या शब्दावर चालायचं. शिक्षण दहावी नापास. पण चाकावर हातोडीची एक टिचकी मारली की आवाजावरून आत चीर आहे की नाही ते सांगायचो, आणि ते खरं निघायचं. हा तोरा मी मिरवलाय, कबूल करतो.

युरोपातून जुने ट्रक बोटीनं यायचे. तिकडं हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते मीठ चाकाच्या फटीत, नटाखाली, हवेच्या छिद्राच्या कडेला जाऊन बसतं. विकणारा वरून चकचकीत रंग मारून पाठवतो. घेणारा म्हणतो, वा, नव्यासारखी आहेत! मी एक नट खोलायचो आणि त्याखाली बोट फिरवायचो. बोटाला तपकिरी पूड लागली की सौदा खलास.

आणि आमच्याकडं बर्फ नसला तरी मीठ काय कमी आहे? समुद्राकाठी सबखा म्हणून खारट जमीन आहे. वरून पापडीसारखी कोरडी, खाली चिखल. त्यावरून टिपर गेले की चाकाला मिठाचा थर बसतो. उन्हाळ्यात तो गप पडून राहतो. हिवाळा लागला की पहाटे एवढं दव पडतं की ट्रकच्या टपावरून पाणी गळतं. मग ते मीठ ओलं होतं आणि लोखंड खायला लागतं. म्हणून आमच्याकडंही चाकाचं मरण हिवाळ्यातच.

लोक विचारायचे, मग अ‍ॅल्युमिनियमची चाकं घ्या की, ती गंजत नाहीत. गंजत नाहीत हे खरं, पण चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडी हबाला टेकतात तिथं मीठ शिरलं की पांढरी भुकटी धरते आणि चाक असं चिकटतं की घण मारून काढावं लागतं. क्रोमची तर बातच सोडा. एक कतारी शेख दर हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकायचा आणि त्याच्या पाण्याच्या ट्रकला क्रोमचीच चाकं पाहिजेत म्हणायचा. तो ट्रक सीलाइनला समुद्राच्या पाण्यातून पळवायचा. मी म्हटलं, "सर, ये नहीं टिकेगा." तो म्हणाला, "यल्ला, लगाओ!" मार्चमध्ये चाकाची सालं निघाली, कांद्यासारखी. माणूस दिलदार, पोट धरून हसला. म्हणाला, "तुम बोला था." पुढच्या वर्षी परत क्रोमच. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच.

आणि आमचे रत्नागिरीचे अब्दुलचाचा. मासळीची गाडी चालवायचे. डोकं धरून आले, "दिनकर, साऱ्या मार्केटात माझ्याच गाडीचं मागचं डावं चाक कसं रे सडतं? कुणी नजर लावली काय?" मी गाडीखाली वाकलो. बर्फाचं खारट पाणी ज्या नळीतून गळत होतं, तिचं तोंड बरोबर त्या चाकावर. हातभर रबरी पाइप जोडला आणि नजर उतरली. त्या गुरुवारी चाचांनी अख्खी सुरमई पाठवली.

बास. मजेशीर संपलं.

आता नानाचं.

सोपाननाना मंगळवेढ्याकडचा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, टिपर चालवायचा. मेसईदच्या बंदरातून खडी उचलायची आणि साइटवर टाकायची. हिंदी मोडकं, इंग्रजी नाहीच, अरबी म्हणजे "शुक्रन" आणि "इन्शाल्ला" एवढंच. पण गाडीला असा जपायचा की आम्ही चेष्टा करायचो, "नाना, बायकोला कधी एवढं विचारलंत का?" तो म्हणायचा, "बायकू बोलती तरी. हिला बोलाय येतंय व्हय?" रोज सकाळी गाडीभोवती फिरायचा, प्रत्येक चाकाचे दहाच्या दहा नट पान्यानं चाचपायचा. बाकीचे ड्रायव्हर चेकलिस्टवर खुणा करून मोकळे व्हायचे. नाना आधी नट बघायचा, मग कागद.

त्या वर्षी कंपनीनं वीस टिपरना नवी चाकं घ्यायची ठरवलं. मी लोखंडी निवडली, आणि निवड बरोबर होती, आजही तेच निवडेन. पण लोखंडाला रंग नीट पाहिजे. कारखान्यातून मारून आलेला रंग पातळ, हिवाळ्यात टिकणारा नव्हता. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला, "दिनकर, दो विंटर निकालना है." मी छाती काढून म्हटलं, "चार निकालूँगा."

दसरा जवळ आला होता. आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही नऊ मराठी माणसं. खंडेनवमीला पाने, जॅक, हातोड्या मांडून शटर खाली ओढून गुपचूप पूजा करायचो आणि दसऱ्याला गाड्यांना हार घालायचो. मुदीरला ठाऊक होतं. तो म्हणायचा, "दस मिनिट, खलास." गावाकडं दसऱ्याला गाडी धुऊन-पुसून चाकांना नवा रंग देतात, नाही का? मी म्हटलं, या वेळी नव्या चाकांना आपण आपल्या हातानं रंग देऊ. पूजा पण झाली आणि हिवाळ्याची सोय पण.

लाल प्रायमरचा एक हात दिला, त्यावर चंदेरीचे दोन. एकूण तीन. बाहेरून, आतून, आणि जी बाजू हबाला टेकते त्या तोंडावरसुद्धा. कोपरासुद्धा सोडला नाही, म्हटलं मिठाला शिरायला जागाच नको. नटाच्या बैठकीवर तर मी स्वतः ब्रश फिरवला.

इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ट्रकचं चाक नटावर लोंबकळत नाही. नट त्याला हबाला दाबून धरतात, आणि लोखंड लोखंडाला घट्ट भिडलं म्हणून चाक जागेवर राहतं. मध्ये जाड रंग आला की काय होतं? ब्रेक तापतात, रंग मऊ होतो, दाबानं हळूहळू बाहेर सरकतो. जेवढा रंग सरकला तेवढा नट सैल. कुणी हात न लावता सैल. सकाळी आवळलेला नट दुपारी ढिला. म्हणून त्या तोंडावर रंग अगदी पातळ, शक्यतो नकोच, हा साधा नियम आहे. आमच्या भिंतीवर इंग्रजीत, चित्रासकट चिकटवलेला होता. आणि मी मोठा शहाणा! म्हणालो होतो, "हे थंड देशवाल्यांचे चोचले. त्यांना सबखा काय माहीत?" वर रंग पुरता वाळायच्या आत दुसऱ्या दिवशी चाकं चढवली, कारण दसऱ्याला गाड्या हार घालून बाहेर पडल्या पाहिजेत.

हार घातले. लिंबं ठेवली. नानाच्या गाडीचा फोटो अजून माझ्याकडं आहे, पण मी तो बघत नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी मी टपरीवरचा करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा घेऊन वर्कशॉपच्या दारात उभा होतो. समोर नाना माझ्याकडं पाठ करून त्याच्या मागच्या चाकाचे नट आवळत होता. पान्याला लांब पाइप लावून, अंगाचा भार टाकून, एकेक करून दहाही. मी बघत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे, नट एवढे फिरतायत कसे? पाच दिवसांपूर्वीच तर आवळलेत. मनात आलं आणि चहाबरोबर गिळून टाकलं. नाना गाडीत बसला, गेला. त्यानं मला पाहिलं नव्हतं.

साडेदहाला फोन आला. मेसईदच्या रस्त्यावर नानाच्या गाडीची मागच्या एका बाजूची दोन्ही चाकं, जोडीनं असतात ती, निखळून पळाली. एक वाळूत पडलं. दुसरं रस्ता ओलांडून गेलं आणि कामगारांनी भरलेली बस हातभर अंतरानं वाचली. टायरसकट त्या चाकाचं वजन माणसापेक्षा जास्त, आणि वेग गाडीचाच. बसमध्ये चाळीस माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही. देवाची कृपा म्हणायची, दुसरं काय.

गाडी यार्डात आणली तेव्हा मी एकटाच तिथं आधी पोचलो. चाक उलटं करून बघितलं. प्रत्येक छिद्राभोवती चंदेरी रंग दबून कडेला आला होता, पुरणपोळी जास्त लाटली की कडेनं पुरण बाहेर येतं तसा. मला सगळं कळलं. आणि मग मी जे केलं ते आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी ग्राइंडर घेतला आणि त्या तोंडावरचा रंग साफ करून टाकला. मग उरलेल्या एकोणीस गाड्या थांबवून त्यांचीही तोंडं घासून घेतली. मुदीरला सांगितलं, "सेफ्टीसाठी." एकोणीस गाड्यांचं काम बरोबरच होतं, माणसं वाचली असतील. पण त्या एका चाकाचं काय? तो पुरावा होता आणि मी तो पुसला.

का पुसला? त्याच महिन्यात माझी बायको आणि मुलगा फॅमिली व्हिसावर आले होते. मदिनत खलीफात एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. पोराला शाळेत घातलं होतं, घरी मी मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर द्यायचा आणि मला त्याचाही अभिमान वाटायचा. आठ वर्षं एकट्यानं काढून बायको-पोराचं तोंड रोज दिसायला लागलं होतं. नोकरी गेली की सगळं परत. भ्यालो मी. दुसरं काही नाही.

चौकशी तिसऱ्या दिवशी झाली. मुदीर आणि सेफ्टी ऑफिसर. नानाचं हिंदी त्यांना कळेना, त्यांचं इंग्रजी मिसळलेलं हिंदी नानाला. मग मुदीर म्हणाला, "दिनकर, तुम बोलो." मी दुभाष्या झालो! आरोपीच्या शेजारी गुन्हेगार, आणि मध्ये बोलतोय कोण, तर गुन्हेगार.

ऑफिसरनं विचारलं, "त्या दिवशी सकाळी प्रत्येक नटाला पाना लावलेला तुला स्पष्ट आठवतो का?" मी मराठीत विचारलं. नानाला खोटं बोलायची सवय नाही ना. म्हणाला, "रोजच आवळतोय की. पर त्या दिवसाचं येगळं असं डोळ्यापुढं येत न्हाई, दिनकर. ह्यास्नी काय सांगू?" मी सांगितलं, "नक्की आठवत नाही म्हणतात."

ऑफिसरनं विचारलं, "आवळताना कुणी पाहिलं?"

मी नानाला विचारलं, "नाना, कुणी बघितलं का?"

"कुणी न्हवतं. म्या एकलाच हुतो."

आणि मी हिंदीत म्हटलं, "कोई नहीं था."

एक शब्द फिरवला नाही मी. जे तो बोलला तेच सांगितलं. पुढं किती वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत होतो की, बाबा, तू भाषांतर तर बरोबर केलंस. काय डोंबलाचं बरोबर! मी तिथं उभा होतो. मी बघितलं होतं. माझ्याच तोंडानं मी म्हटलं, कोणी नव्हतं.

नट न आवळल्याचा ठपका ठेवून नानाला काढलं आणि तो आठवड्यात गावी गेला. एअरपोर्टवर मीच सोडायला गेलो, कारण त्याला माझ्याशिवाय जवळचं कोण होतं? गाडीतून उतरताना म्हणाला, "दिनकर, चाळीस माणसं मेली असती रं माझ्या हातनं." मी त्याची पेटी ट्रॉलीवर ठेवली. एवढंच केलं.

नंतर माझं बरं झालं, हे सांगायला लाज वाटते. चाकाच्या तोंडाला रंग नाही, हा नियम मी अख्ख्या वर्कशॉपमध्ये असा लागू केला की मुदीर खूश. दुसऱ्या कंपन्यांची माणसं शिकायला यायची. नटावर पिवळे प्लॅस्टिकचे बाण बसवले, नट फिरला की बाण वाकडा होतो आणि लांबूनच कळतं. कुणी विचारलं, "तुम्ही हे कुठं शिकलात?" तर मी म्हणायचो, अनुभव. बढती मिळाली. पोरगं शिकलं, आता दोहातच, मुशैरिबमध्ये, एसीच्या ऑफिसात बसतं. दसऱ्याला मी काही ना काही कारण काढून वर्कशॉपमधून लवकर निघायचो. खाई त्याला खवखवे.

नानाला मी फोन करायचो, दिवाळीला. "कसं हाय?" "बरं हाय." एवढंच. त्यानं परत गाडी धरली असेल असं मी गृहीत धरलं होतं. मागल्या वर्षी त्याच्या गावचा एक वेल्डर सूक वाकिफच्या बाजारात भेटला, तो बोलता बोलता म्हणाला, "नाना? छ्या. त्यांनी आल्यापासनं स्टेअरिंगला हात न्हाई लावला." मी ज्या दुकानात मसाला घ्यायला आलो होतो तिथून तसाच बाहेर पडलो. सोळा वर्षं झाली होती. चालवता येणारा माणूस, आणि असा चालवणारा!

या वर्षी रिटायर होऊन आलो आणि पहिल्या आठवड्यात एसटीनं मंगळवेढा गाठलं. घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. नाना शेळ्यांना पाला टाकत होता. वाळला होता. मला बघून डोळे भरून आले त्याचे. "आला व्हय रं," म्हणाला, आणि हात धरून खाटेवर बसवलं.

वहिनींनी चहा आणला. नाना हातपाय धुवायला मागं गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमी जुनं दोस्त, तुमीच सांगा त्यास्नी. घराला कुलूप लावत्यात आन अर्ध्या वाटंवरनं चारदा माघारी येत्यात. कुलूप वडून बघत्यात. गॅस बंद केला तरी मला उठवून इचारत्यात, केला का गं म्या बंद? नातवाला सायकलवर बसवत न्हाईत. म्हणत्यात, माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

मला वाटत होतं मी त्याची नोकरी घालवली. नोकरीचं काय, तशी शंभरजणांची जाते.

नाना येऊन बसला. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. रंग, तोंड, ग्राइंडर. तो ऐकत होता, पण रंगाचं त्याच्या ध्यानात येत होतं असं दिसेना. मग मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी सकाळी मी दारात उभा होतो. तुम्ही पाइप लावून नट आवळत होता. दहाच्या दहा. मी डोळ्यांनी बघितलं."

"म्हंजी म्या आवळलं हुतं?"

"आवळले होते, नाना. तुमची काही चूक नव्हती. चूक माझी."

"दहाबी?"

"दहाही."

मला वाटलं आता मुस्काटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. नाना उठला, दारापाशी गेला आणि ओरडला, "अगं ए, भाईर ये! हातातलं ठिव आदी!" वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "हे दिनकर काय म्हणतंय ऐक. म्या आवळलं हुतं. दहाबी नट! सांग रं, हिला परत सांग."

मी परत सांगितलं. वहिनी ऐकत होत्या. नाना पडवीत येरझारा घालत होता, मध्येच मान हलवत होता, हसत होता, डोळे पुसत होता. माझं बोलून झालं तेव्हा वहिनींनी हाताचं पीठ झाडलं आणि विचारलं, "मग भाऊ, एवढी वरसं का न्हाई बोलला?"

"आगं जाऊ दे," नाना म्हणाला. "सांगितलं न्हवं आत्ता?" त्याचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. तो कुंपणापाशी जाऊन शेजाऱ्याला हाका मारत होता, "म्हादू! आरं म्हादू! जरा हिकडं ये, ह्या पाव्हण्याचं ऐकून जा!" शेजारी आला. नानानं त्याला खाटेवर माझ्या शेजारी बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसला, आणि म्हणाला, "हां दिनकर, सांग. पयल्यापासनं."

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.